चारच्या बटणावर ₹ छापलंय, मग उमटत का नाही?

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. गिरगावातल्याच एक मावशी पहिल्यांदाच आमच्या दुकानात आल्या, घरी फराळ करून विकतात, त्यांना दरपत्रकाच्या दोनशे प्रती हव्या होत्या. म्हणाल्या भाचीने सगळं टाइप करून दिलंय, तू फक्त प्रिंट मार. पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, तर भाजणीची चकली, अर्धा किलो, आणि पुढे एक बारीकशी तिरकी रेघ, मग २८०. खाली अनारसे, परत रेघ, मग आकडा. प्रत्येक ओळीत तेच, जणू रुपयाच्या जागी कुणी पेनाचं टोक टेकवून उचललंय. मावशी म्हणाल्या, "अगं घरी बरोबर दिसत होतं, रुपया होता तिथे, तुझ्या कॉम्प्युटरने खाल्ला." आणि खरं सांगू का, त्या चुकीचं काहीच बोलत नव्हत्या, घरी ते बरोबरच दिसत असणार. कसं ते सांगते, पण त्यासाठी जरा मागून यावं लागेल.

मी गेली सोळा वर्षं डीटीपी करते, आधी परळला होते, आता गिरगावात, आणि या सोळा वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे "हे चिन्ह कसं काढायचं गं?" रुपया, डिग्री, अर्धा, पाव, कॉपीराइट, ॲडव्होकेटचा ॲ. लोक कागदावर कोड लिहून घेतात, तो कागद मॉनिटरला चिकटवतात, आणि चार दिवसांनी फोन येतो की तू दिलेला कोड चालत नाही. कोड बरोबरच असतो, चालत नाही कारण तो कुठे चालतो आणि का चालतो हे कुणी सांगितलेलंच नसतं. तेवढं एकदा डोक्यात बसलं की कागद चिकटवायची गरज फारशी उरत नाही.

पहिली गोष्ट, आणि ही ऐकून लोकांना जरा धक्काच बसतो, बटणावर काय छापलंय हे कीबोर्डला माहीतच नसतं. तुम्ही बटण दाबलं की कीबोर्ड कॉम्प्युटरला एवढंच कळवतो की अमुक जागेवरचं बटण खाली गेलं, आणि सोडलं की वर आलं. बस. त्यावर पी छापलंय, ज छापलंय की जुन्या स्टिकरचा नुसता गोंद उरलाय, काही फरक पडत नाही. त्या जागेचं अक्षर कुठलं हे विंडोज ठरवतं, आणि ते ठरवायला त्याच्याकडे एक तक्ता असतो, त्याला कीबोर्ड लेआउट म्हणतात. इंग्रजीचा तक्ता लावला असेल तर ते बटण पी देतं, मराठी इनस्क्रिप्टचा, म्हणजे आपल्या लिप्यांसाठी ठरवलेला सरकारी तक्ता, लावला तर तेच बटण ज देतं. बटण तेच, बोट तेच, तक्ता बदलला.

आता यावरून ते जगप्रसिद्ध गाऱ्हाणं घ्या, ॲट द रेट दाबलं की डबल कोट येतो आणि डबल कोट दाबला की ॲट द रेट. माझ्याकडे एक जण नवाकोरा कीबोर्ड बदलून आणायला निघाला होता या कारणासाठी! कीबोर्डला काहीही झालेलं नसतं, विंडोजमध्ये ब्रिटिश इंग्रजीचा तक्ता लागलेला असतो. ब्रिटिश तक्त्यात शिफ्ट आणि दोन म्हणजे डबल कोट आणि शिफ्ट आणि तीन म्हणजे पाउंड, आपल्याकडे विकले जाणारे कीबोर्ड मात्र अमेरिकन पद्धतीने छापलेले असतात. त्यात आणखी एक गंमत, ब्रिटिश कीबोर्डवर डावीकडे शिफ्टच्या शेजारी एक जास्तीचं बटण असतं, उलटी तिरकी रेघ तिथे असते, आपल्या कीबोर्डवर ते बटणच नाही, त्यामुळे हा तक्ता लागला की ती रेघ तुम्ही कुठलंही बटण बडवा, सरळ हाताला लागतच नाही. असं झालं की खाली उजवीकडे घड्याळाजवळ भाषेची दोन-तीन अक्षरं दिसतात तिथे क्लिक करा, किंवा विंडोजचं बटण दाबून स्पेसबार दाबा, तक्ता बदलतो. पुष्कळदा तर हे नकळत ऑल्ट-शिफ्ट दाबलं गेल्याने झालेलं असतं. आणि कोट दाबल्यावर लगेच येत नसेल, पुढचं अक्षर दाबल्यावर मग येत असेल किंवा त्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसत असेल, तर तो यूएस इंटरनॅशनल नावाचा तक्ता, फ्रेंच-स्पॅनिश लिहिणाऱ्यांसाठी केलेला, तो सरळ काढून टाका.

आता ₹. नव्या लॅपटॉपवर चारच्या बटणावर हे चिन्ह कोपऱ्यात छापलेलं असतं, लोक शिफ्ट दाबून चार दाबतात, डॉलर येतो, मग नुसतं चार दाबतात, चारच येतो, मग कंपनीला शिव्या. तर ते उजवीकडच्या ऑल्टबरोबर दाबायचं असतं, स्पेसबारच्या उजव्या हाताचा ऑल्ट, डावा नाही. आणि तेही इंग्लिश इंडिया नावाचा तक्ता लागला असेल तरच. खूप मशिनवर इंग्लिश युनायटेड स्टेट्स लागलेला असतो आणि त्या तक्त्यात चारच्या बटणावर ₹ ठेवलेलंच नाही, मग छापलेलं असून काय उपयोग. सेटिंगमध्ये जाऊन टाइम अँड लँग्वेज, तिथे लँग्वेज, आणि इंग्लिश इंडियाचा कीबोर्ड ॲड करायचा. एकदा केलं की कायमचं. उजवा ऑल्ट नसलेला कीबोर्ड असेल तर कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही धरून चार, तेच काम होतं. मला विचाराल तर रुपयासाठी हाच एक खरा उपाय, बाकी सगळे जुगाड.

पण हे चिन्ह सरळ बटणावर का नाही, डॉलर कसा आहे मग? याचं उत्तर जुनं आहे. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो, म्हणून १९६३ साली अमेरिकेत एक यादी ठरली, आस्की म्हणतात तिला, तिच्यात एकूण १२८ आकडे. ही एक चाळ समजा, १२८ खोल्यांची. त्यातल्या ३३ खोल्या चाळीच्या कामासाठीच राखलेल्या, नवी ओळ, टॅब, घंटी वाजवणं वगैरे, तिथे कुणी राहत नाही. उरल्या ९५. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, कंस, आणि एक खोली चक्क रिकाम्या जागेला, म्हणजे स्पेसला. चाळ अमेरिकेत बांधली त्यामुळे डॉलरला ३६ नंबरची खोली मिळाली, पाउंडलासुद्धा मिळाली नाही, तर रुपयाला कोण विचारतंय. ॲट द रेट ६४ नंबरमध्ये, त्याला कुणी फारसं ओळखत नव्हतं, १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनियरने ईमेलच्या पत्त्यासाठी ते उचललं आणि त्याचं नशीब फळफळलं.

या वाटणीत वाईट वाटतं ते ½ चं. इंग्रजी टाइपरायटरवर अर्ध्याचं स्वतःचं बटण असायचं, पावाचंही असायचं, कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट एका बोटात अर्धा मारायचे. कॉम्प्युटरच्या त्या ९५ मध्ये त्याला जागा मिळाली नाही आणि आपण गपचूप एक, तिरकी रेघ, दोन असं लिहायला लागलो. तंत्रज्ञान पुढे जातं म्हणतात ना, फराळवाल्यांच्या बाबतीत ते एक पाऊल मागे गेलं होतं.

मग चाळ वाढवली, २५६ खोल्या केल्या, पण नवीन १२८ खोल्यांत कुणाला ठेवायचं यावर एकमत झालंच नाही. आयबीएमने १९८१ च्या त्यांच्या पीसीमध्ये एक वाटणी केली, तिच्यात चौकटी काढायच्या रेघा, काही ग्रीक अक्षरं, अर्धा, पाव, डिग्री असं घेतलं. पुढे विंडोजने स्वतःची वेगळी वाटणी केली. आणि या भांडणाचे उरलेले अवशेष म्हणजे आपले ते ऑल्टचे कोड. डिग्रीचं चिन्ह काढायला कुणी सांगतं ऑल्ट धरून २४८, कुणी सांगतं ०१७६, आणि दोघंही बरोबर असतात. २४८ हा जुन्या आयबीएमच्या चाळीतला खोली नंबर, १७६ हा विंडोजच्या चाळीतला, आणि पुढे शून्य लावलं की विंडोजला कळतं की दुसऱ्या चाळीत जायचंय. शून्य विसरलात की पहिल्या चाळीतलं भलतंच दार उघडतं. अर्ध्याचंही तसंच, १७१ किंवा ०१८९. पाव म्हणजे १७२ किंवा ०१८८. गुणाकाराचं × हवं तर ०२१५, आणि हे फ्लेक्सवाल्यांनी तरी शिकून घ्यावं, दहा बाय आठच्या बॅनरच्या मध्ये इंग्रजी एक्स टाकतात ते बघून माझं डोकं फिरतं. कॉपीराइट ०१६९, ट्रेडमार्क ०१५३.

(आकडे मी मराठीत लिहितेय, दाबायचे ते कीबोर्डवरचेच.)

हे कोड चालत नाहीत म्हणून जे फोन येतात त्यांची कारणं ठरलेली आहेत. ऑल्ट धरून ठेवायचा, सगळे आकडे दाबून झाल्यावरच सोडायचा, लोक मध्येच सोडतात. आकडे उजवीकडच्या नमपॅडवरचे, म्हणजे तिथे आकड्यांची वेगळी चौकट असते तिच्यातले लागतात, वरच्या ओळीतले चालत नाहीत, आणि त्या चौकटीतलं नमलॉकचं बटण चालू हवं. छोट्या लॅपटॉपला नमपॅडच नसतो, तिथे हा रस्ताच बंद, त्यांच्यासाठी पुढे सांगते.

मग साहजिक प्रश्न, रुपयाचा असाच कोड काय? नेटवर मिळतो, ८३७७. आणि इथे एक मस्त घोळ आहे, तो मी मुद्दाम एकदा करून बघितला, तुम्हीही बघा. वर्डमध्ये ऑल्ट धरून ८३७७ मारलं तर ₹ येतं, छान. तोच कोड जुन्या नोटपॅडमध्ये मारला तर ╣ असं काहीतरी येतं, अर्धवट सोडलेल्या चौकटीसारखं. कारण नोटपॅड जुन्या २५६ खोल्यांच्या हिशेबाने चालतो, त्याला ८३७७ हा आकडा झेपत नाही, मग तो २५६ ने भागत राहतो आणि बाकी घेतो. ३२ वेळा २५६ म्हणजे ८१९२, ते ८३७७ मधून गेले, उरले १८५. आयबीएमच्या चाळीत १८५ नंबरच्या खोलीत राहतंय कोण, तर ते चौकटीचं चिन्ह, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात स्क्रीनवर तक्ते आखायला वापरायचे. म्हणजे कोड चुकलेला नाही, पत्ता बरोबर आहे, पोस्टमन जुन्या वाडीतला आहे.

मराठीचं दुखणं याहून मोठं होतं. आपली अक्षरं तर कुठल्याच चाळीत नव्हती, मग आपल्या फॉन्टवाल्यांनी काय केलं, इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांवरच्या पाट्या बदलल्या. कॉम्प्युटरला वाटतंय आत इंग्रजी अक्षर आहे, पण फॉन्ट तिथे चित्र काढतोय क चं. ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे त्याला मराठी दिसतं, ज्याच्याकडे नाही त्याला इंग्रजी अक्षरांची भेळ. कित्येक वर्षं मुंबईतला सगळा छपाईचा धंदा असाच चालला, लग्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं, अहवाल, सगळं. प्रत्येक दुकानाचा फॉन्ट वेगळा, त्यामुळे एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडत नसे, आणि गिऱ्हाईक बांधलेलं राहायचं, हाही एक फायदा होताच म्हणा.

आणि नेमकं हेच रुपयाच्या बाबतीत परत झालं. १५ जुलै २०१० ला केंद्र सरकारने ₹ हे चिन्ह स्वीकारलं, काढणारे डी. उदय कुमार तेव्हा आपल्या पवईच्या आयआयटीत शिकत होते, देवनागरी र आणि इंग्रजी आर यांचा मेळ आणि वर शिरोरेघ. चिन्ह आलं पण त्याला खोली नंबर नव्हता, आणि लोकांना ते दुसऱ्या दिवसापासून बिलावर हवं होतं. मग फॉन्ट निघाले, त्यात ₹ चं चित्र बसवलं ९६ नंबरच्या खोलीत. ती खोली कुणाची? कीबोर्डवर एकच्या डावीकडे, एस्केपच्या खाली, ती जी एकटी तिरकी टिकली असते तिची, बॅकटिक म्हणतात. एरवी तिला कुणी विचारत नाही, म्हणून तिच्या दारावर रुपयाची पाटी लावली.

आता आलं लक्षात मावशींच्या चकलीचं? भाचीने टाइप केलं म्हणजे काय केलं तर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कधीतरी बनवलेली फाइल उघडली आणि दर बदलले. त्या मशिनवर तो जुना रुपयाचा फॉन्ट अजून आहे, तिथे ₹ दिसतो. फाइलमध्ये मात्र रुपया कधी नव्हताच, होती ती टिकली. माझ्या मशिनवर तो फॉन्ट नाही, त्यामुळे पाटी पडली आणि आतला खरा भाडेकरू दिसला.

खोली नंबरांचा हा सगळा गोंधळ निस्तरला तो युनिकोडने. सगळ्या चाळी पाडून एकच मोठी वसाहत, अकरा लाखांच्या वर खोल्या, जगातल्या लिप्यांना आपापला मजला. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत. क म्हणजे २३२५, दादरला असो की टोकियोला. रुपयालाही २०१० मध्येच, ऑक्टोबरच्या आवृत्तीत, ८३७७ मिळाला. नंबर मिळाला तरी विंडोजने त्याचा तक्ता आणि फॉन्ट पोचवायला आणखी काही महिने घेतले, आणि त्या मधल्या काळातच हे टिकलीवाले जुगाड घरोघरी मुरले.

युनिकोड असलं तरी चिन्ह कधीकधी बिघडतं, पण बिघाड बघून कारण ओळखता येतं. रिकामा चौकोन दिसला तर नंबर बरोबर आहे, फॉन्टकडे त्याचं चित्र नाही, फॉन्ट बदला, विंडोजवर निर्मला लावून बघा. आणि रुपयाच्या जागी डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी ए, मग खाली एक स्वल्पविराम, मग वर बारीकसा १ असं तिघं आले असतील तर फॉन्टचा दोष नाही. फाइलमध्ये साठवताना ₹ चे तीन तुकडे होतात, उघडणाऱ्याने ते तीन तुकडे तीन वेगळी अक्षरं समजून वाचले. मराठी मजकूर असा फुटला की प्रत्येक अक्षराच्या जागी एक मात्रावाला ए आणि ओळभर ¤ आणि ¥ दिसायला लागतात. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, डबल क्लिक करून उघडली की हमखास होतं. फाइल तशीच बंद करा, सेव्ह करू नका, रिकामी एक्सेल उघडून डेटामधून ती फाइल आत घ्या आणि यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, निवडा, सगळं जागेवर येतं.

एक्सेलवरून आठवलं, सेलमध्ये हाताने ₹ टाइप करत बसू नका. कॉम्प्युटर भारताच्या सेटिंगवर नसेल तर एक्सेल त्याला आकडा मानतच नाही, मजकूर मानतं, आणि खाली बेरीज शून्य येते. एका सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब माझ्याकडे याच कारणाने आला होता, सेक्रेटरी काका कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते बिचारे. नुसता आकडा टाका आणि सेलच्या फॉरमॅटमध्ये करन्सी निवडा, चिन्ह एक्सेल स्वतः दाखवतं.

आता नमपॅड नसलेल्यांसाठी. विंडोजचं बटण धरून पूर्णविराम दाबा, इमोजीची खिडकी उघडते, लोक तिथे हसरे चेहरे शोधून परत येतात, पण त्याच खिडकीत वर चिन्हांचा वेगळा टॅब आहे, रुपया, डिग्री, अर्धा, बाण, सगळं तिथे. दहा वेळा लागणार असेल तर हे कंटाळवाणं आहे, एकदोनदा ठीक.

वर्ड वापरत असाल तर माझी आवडती युक्ती वेगळी आहे. युनिकोडचे नंबर बहुतेक ठिकाणी सोळाच्या हिशेबात लिहिलेले असतात, त्यामुळे त्यात आकड्यांबरोबर इंग्रजी अक्षरंही येतात, ८३७७ तसा लिहिला की २०बी९ होतो. वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्ड ठेवून हे चार टाइप करा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा, त्या चौघांचा ₹ होतो. आधीच्या आकड्याला किंवा अक्षराला चिकटवून लिहू नका, मध्ये जागा सोडा, नाहीतर मागचा आकडाही त्यात ओढला जातो. पण खरी मजा उलटी आहे. कुठल्याही चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की त्याचा नंबर दिसतो. मावशींच्या फाइलवर मी तेच केलं, रुपयाऐवजी टिकलीचा नंबर आला आणि दोन सेकंदांत रोग कळला. परत ऑल्ट-एक्स दाबलं की चिन्ह पूर्ववत.

ही युक्ती मराठीला तर फारच उपयोगी. ॲड. हे बघा, आणि अॅड. हे बघा. दिसायला सारखं? पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे, २४१८ नंबरचं, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसऱ्यात अ आणि वरचा चंद्र असे दोघं आहेत, २३०९ आणि २३७३. तुमच्या आमच्या डोळ्यांना एक, कॉम्प्युटरला दोन वेगळ्या गोष्टी. एका वकील साहेबांच्या मुलाच्या लग्नाची पाहुण्यांची यादी होती माझ्याकडे, चारशे नावं, निम्म्यांच्या आधी ॲड., आणि यादी तिघांनी मिळून टाइप केलेली. कंट्रोल-एफ मारून ॲड. शोधलं तर काही सापडले, काही नाहीत, अआईने लावली तर वकील दोन ठिकाणी जाऊन बसले. सगळे दुसऱ्या पद्धतीचे शोधून पहिल्या पद्धतीचे केले, मग कुठे यादी सरळ झाली.

आणि ऱ्य. आचार्यांना मानधन आणि आचाऱ्यांना मानधन, एका मंडळाच्या अहवालात दुसरं हवं होतं, छापलं गेलं पहिलं, आणि खिचडी करणारे सद्गृहस्थ वर्षभर आचार्य म्हणून मिरवले. साधा र अर्धा केला की रफार होतो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. तो खालीच, आडवा राहायला हवा असेल तर युनिकोडमध्ये त्यासाठी वेगळा ऱ आहे, पोटात रेघ असलेला नाही, खाली टिंब असलेला, तो अर्धा करायचा. इनस्क्रिप्टवर र आहे जे च्या बटणावर, त्याच बटणाला शिफ्ट दाबली की ऱ, मग डी म्हणजे पाय मोडणं, मग य. तीन बटणं, झालं. जे लोक इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी लिहितात त्यांनी खाली येणाऱ्या पर्यायांकडे नीट बघून निवडावं, पहिला पर्याय डोळे मिटून घेतला की आचारी आचार्य होतात.

डिग्रीबद्दल एकच विनंती. छोटा ओ वर चढवून डिग्री करू नका. वर्डमध्ये छान दिसतं, व्हॉट्सॲपवर पेस्ट केलं की ओ खाली उतरतो आणि सांताक्रूझचं तापमान ३४ ऐवजी ३४० दिसायला लागतं.

फोनवर हे सगळं सोपं आहे, अँड्रॉइडच्या गूगल कीबोर्डमध्ये आकडे-चिन्हांच्या पानावर १ दाबून धरलं की अर्धा आणि पाव वर तरंगतात, आयफोनवर ० दाबून धरलं की डिग्री. मॅकवाल्यांकडे ऑप्शनचं बटण आहे, ऑप्शन आणि जी म्हणजे कॉपीराइट, ऑप्शन-शिफ्ट-८ म्हणजे डिग्री, आणि एबीसी इंडिया तक्ता लावला तर ऑप्शन आणि ४ म्हणजे रुपया.

रोज टाइप करणाऱ्यांनी मात्र हे कोडबिड सोडून वर्डच्या ऑटोकरेक्टला कामाला लावावं. फाइलमध्ये ऑप्शन्स, तिथे प्रूफिंग, तिथे ऑटोकरेक्ट. डाव्या खान्यात आपल्याला सुचेल ते लिहायचं, उजव्या खान्यात हवं ते चिन्ह. माझ्याकडे डावीकडे दोन स्वल्पविराम आणि र आहे, उजवीकडे ₹. दोन स्वल्पविराम आणि ड म्हणजे डिग्री. दोन स्वल्पविराम एरवी लागोपाठ कुणी लिहीत नाही म्हणून ते घेतले. नुसता र ठेवू नका, माझ्या एका सहकारी मुलीने हौसेने ठेवला होता, आणि मग प्रत्येक सुटा र रुपया व्हायला लागला, एका शाळेच्या मुळाक्षरांच्या तक्त्यात य, ₹, ल, व असं प्रूफ गेलं.

तर मावशींच्या फाइलमध्ये सगळ्या टिकल्या रिप्लेसने एकदम काढून तिथे ₹ टाकला, जुना फॉन्ट काढून निर्मला लावला, मग एक-तिरकी रेघ-दोन जिथे जिथे होतं तिथे ½ केलं, एकवीस ओळी, पाच मिनिटांचं काम. स्क्रीनवर दाखवलं. मावशींनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं, चकली ₹२८०, अनारसे, कडबोळी, सगळं. म्हणाल्या बरोबर आहे, आणि ते शाकाहारीचं हिरवं टिंब टाक की वर कोपऱ्यात, त्याचा काय कोड आहे? म्हटलं मावशी, ते मी टाइप नाही करत, चौकोन काढते, आत गोल काढते आणि हिरवा रंग भरते. त्यावर त्या म्हणाल्या, "मग एवढा वेळ कोड-कोड काय करत होतीस, रुपया पण असाच काढायचास."